हिमप्रदेशांतील यंत्रवाहनें आणि आपला ट्रॅक्टर

शेतकऱ्याच्या दारीं नवें यंत्र आलें म्हणजे त्याची किंमत काय, त्यास तेल किती लागतें, दिवसाकाठीं तें किती काम उरकतें, ह्या गोष्टींची चौकशी सारें गांव करितें. तें उलटलें तर चालविणाऱ्याचें काय होईल, ही चौकशी मात्र क्वचितच होते. आणि झालीच तर अपघात घडून गेल्यावर होते. ही उणीव केवळ आपल्या इकडचीच आहे असें नाहीं. पृथ्वीच्या अगदीं उत्तरेकडील भागांत, जेथें नांगर चालत नाहीं आणि वर्षांतील बहुतेक महिने जमीन व समुद्र दोन्ही बर्फाखालीं असतात, तेथील लोकांसही गेल्या साठ वर्षांत हाच अनुभव आला आहे. जनावर जाऊन त्याच्या जागीं यंत्र आलें म्हणजे काय मिळतें, काय जातें, आणि जें गेलें तें भरून काढण्याची जबाबदारी कोणाची, ह्या प्रश्नांचा उलगडा त्या प्रदेशाच्या हकीकतींत फार स्पष्टपणें होतो. म्हणून ती हकीकत आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कॅनडा देशाचा नूनावुत हा प्रदेश १९९९ सालीं वेगळा झाला. त्याचा विस्तार आपल्या महाराष्ट्राच्या सहापटींहून अधिक. आणि लोकवस्ती २०२१ च्या शिरगणतीप्रमाणें अवघी ३६,८५८. ही सारी वस्ती पंचवीस गांवांत विखुरलेली असून एका गांवाहून दुसऱ्या गांवास जाणारी सडक नाहीं. धान्य, तेल, कापड हें सर्व उन्हाळ्यांत जहाजानें किंवा एरवीं विमानानें येतें. तेथील इनुइट लोक सील, कॅरिबू नांवाचें हरीण व मासे ह्यांच्या शिकारीवर अजूनही पुष्कळ अंशीं अवलंबून आहेत. अलास्कांतील युकॉन व कुस्कोक्विम ह्या नद्यांच्या मुखाशीं असलेल्या दलदलीच्या मुलुखांतही तीच स्थिति; तेथें कित्येक गांवांत सडकेऐवजीं लांकडी फळ्यांची वाट घातलेली असते. अशा ठिकाणीं हिंवाळ्यांत बर्फगाडी आणि उन्हाळ्यांत रुंद, मऊ टायरांची 'क्वाड' हींच माणसाचीं वाहनें. क्वाड म्हणजे मोटारसायकलीप्रमाणें घोडेस्वारासारखें बसून चालवावयाची चार चाकांची गाडी. शहरांतील हौशी लोक हीं वाहनें सुटीच्या दिवशीं मौजेसाठीं फिरवितात. उत्तरेकडील गांवांत मात्र तीं पाणी आणण्यासाठीं, शिकार घरीं नेण्यासाठीं, आजाऱ्यास दवाखान्यांत पोंचविण्यासाठीं लागतात. अलास्काच्या खेड्यांत तर कोणत्याही कारखान्याची क्वाड असो, लोक तीस सरसकट 'होंडा' म्हणतात. इतकी ती अंगवळणीं पडली आहे.

बर्फगाडीचा इतिहास मनास चटका लावणारा आहे. क्वीबेक प्रांतांतील वाल्कूर येथें जोझेफ-आर्मां बाँबार्डिए नांवाचा एक हुन्नरी कारागीर राहत असे. बर्फावर चालणारी गाडी करण्याचा नाद त्यास लहानपणापासूनच होता. १९३४ च्या हिंवाळ्यांत त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या विकारानें आजारी पडला. रस्ते बर्फानें बुजून गेलेले. इस्पितळापर्यंत नेण्यास साधन नाहीं. आणि मूल दगावलें. पुढें १९३७ सालीं बाँबार्डिए ह्यानें बर्फावर चालणाऱ्या पट्ट्याच्या रचनेचें पेटंट मिळविलें, आणि १९५९ सालीं एक-दोघांनीं बसावयाची हलकी बर्फगाडी 'स्की-डू' ह्या नांवानें बाजारांत आणिली. तिचा पहिला नमुना त्यानें उत्तर ऑंटारिओंतील एका आडवळणाच्या आदिवासी वस्तींत काम करणाऱ्या आपल्या मिशनरी मित्रास दिला. गाडीचें मूळ नांव 'स्की-डॉग' असें योजिलें होतें, म्हणजे कुत्र्याच्या जागीं येणारें वाहन, असेंही सांगतात. तिचें इंजिन सात अश्वशक्तीचें व वेग ताशीं सुमारें २५ मैल होता. जें यंत्र जीव वाचविण्याच्या ध्यासांतून घडलें, त्यानेंच पुढें जीव जाऊं लागले, हें कसें झालें तें आतां पाहूं.

कुत्र्यांची घसरगाडी सावकाश चालते. दहा-बारा कुत्र्यांस पोसावयाचें म्हणजे वर्षाकाठीं ढीगभर मांस लागतें. आणि त्यांची निगा रोजच्या रोज राखावी लागते. हे दोष खरे. परंतु त्या कुत्र्यांच्या अंगीं जी जाण होती तिचें मोल कोणी कागदावर मांडून ठेविलेलें नव्हतें. पायाखालचा बर्फ पातळ लागला कीं पुढचा कुत्रा थबके. हिमवादळांत धन्यास दिशा कळेनाशी झाली तरी कुत्रे घरची वाट काढीत. रात्रीं पांढरें अस्वल जवळ आलें तर ते आधीं ओरडत. आपल्याकडे बाजाराहून परततांना गाडीवान झोंपीं गेला तरी बैल गाडी बिनचूक घरीं आणितात, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस ह्या गोष्टीचें महत्त्व वेगळें सांगावयास नको. बर्फगाडीस ह्यांतील कांहींच कळत नाहीं. ती पातळ बर्फावरही तितक्याच जोरानें धांवते, आणि घरापासून शंभर मैलांवर बंद पडली तर लोखंडाचा गोळा होऊन बसते. पूर्वीं जी जाण माणसांत व जनावरांत वांटलेली होती, ती सर्व आतां एकट्या माणसावर येऊन पडली. आणि भोंवतालचा प्रदेश निरखण्यास जी सवड कुत्र्यांच्या मंद गतीमुळें मिळत असे, तीही ह्याच यंत्रानें हिरावून घेतली.

हा बदल सर्वत्र राजीखुषीनें झाला असेंही नाहीं. बॅफिन बेटाच्या परिसरांत १९५० नंतरच्या पंचवीस वर्षांत पोलिसांनीं व इतर अधिकाऱ्यांनीं शेंकडों कुत्रे गोळ्या घालून मारले. इनुइट लोकांनीं स्थापिलेल्या किकिक्तानी सत्यशोधन आयोगानें ह्या प्रकाराची चौकशी करून २०१० सालीं अहवाल प्रसिद्ध केला, आणि २०१९ सालीं कॅनडाच्या सरकारनें त्याबद्दल जाहीर माफी मागितली. ज्याचे कुत्रे गेले त्यास बर्फगाडी घेण्यावांचून गत्यंतर राहिलें नाहीं. आणि ज्यास ती घेण्याची ऐपत नव्हती, तो शिकारीसच मुकला.

फिनलंडच्या उत्तर टोंकास सेवेत्तियार्वी येथें राहणाऱ्या स्कोल्ट सामी लोकांचें उदाहरणही असेंच बोधप्रद आहे. हे लोक रेनडियर पाळणारे. १९६० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत त्यांच्याकडे पहिली बर्फगाडी आली, आणि दहा वर्षांच्या आंत कळपाचें सारें काम तिच्यावर होऊं लागलें. प्रोफेसर पर्टी पेल्टो ह्यांनीं १९७३ सालीं ह्या स्थित्यंतरावर ग्रंथ लिहिला. त्यांत दाखविलें आहे कीं, पूर्वीं माणूस स्कीवरून जनावरांच्या निकट वावरत असे, तेव्हां कळप माणसाळलेला राही. यंत्राच्या आवाजानें तो बुजरा झाला. यंत्राची किंमत व तेलाचा खर्च ज्यांस झेपला नाहीं, तीं कुटुंबें हळूहळू ह्या धंद्यांतून बाहेर पडलीं. यंत्रानें श्रम वांचले; पण तें विकत घेणारा व न घेऊं शकणारा ह्यांच्यांतील अंतर वाढलें. आपल्याकडील कोरडवाहू शेतकऱ्यास ही गोष्ट परकी वाटणार नाहीं.

आतां उन्हाळ्यांतील वाहनाकडे वळूं. १९७० सालीं फुगीर टायरांची तीन चाकांची एक गाडी बाजारांत आली. ती स्वस्त, हलकी व चिखलांत न रुतणारी म्हणून झपाट्यानें पसरली. परंतु पुढें एकच चाक असल्यामुळें वेगांत वळण घेतांना ती बाहेरच्या बाजूस कलंडत असे. अपघात वाढले तेव्हां प्रारंभीं दोष चालविणाऱ्यांच्या माथीं मारण्यांत आला: ते बेफिकीर आहेत, शिकलेले नाहींत, मुलांच्या हातीं गाडी देतात. ह्यांत तथ्यांश होता. पण तेवढेंच सत्य नव्हतें. अखेर १९८८ सालीं अमेरिकेंत न्यायालयामार्फत झालेल्या तडजोडीनें नव्या तीनचाकी गाड्यांची विक्री थांबली, व २००८ च्या कायद्यानें त्यांवर बंदीच आली. माणसें तीं, वाटा त्याच. दोष मुख्यतः घडणींत होता. ही एक गोष्ट जरी वाचकांनीं लक्षांत ठेविली तरी ह्या लेखाचें निम्में काम झालें असें आम्ही समजूं.

तीन चाकांच्या जागीं चार चाकें आलीं, तरी धोका सर्वस्वीं टळला नाहीं. क्वाडचा भार उंचावर, चाकांमधील अंतर थोडें, आणि चालविणाऱ्याचें वजन एकंदर वजनाच्या मानानें बरेंच मोठें. त्यामुळें वळणावर व चढावर त्यानें आपलें अंग योग्य बाजूस झुकवून तोल राखावा अशीच तिची योजना असते. एकट्यासाठीं केलेल्या ह्या गाडीवर मागें दुसरा माणूस बसला, किंवा मागच्या फळीवर हरणाचें धूड लादलें, म्हणजे तोल ढळतो. परंतु ज्या गांवांत दुसरें वाहनच नाहीं, तेथें बाप, आई व दोन मुलें एकाच क्वाडवर बसणार, हें उघड आहे. कारखानदार सूचनापत्रकांत "एकट्यानेंच बसावें" असें छापून मोकळा होतो. पण ज्या कुटुंबाकडे एकच गाडी आहे त्यास ती सूचना म्हणजे "घरींच बसावें" अशी भासते.

शिरस्त्राणाचेंही तसेंच आहे. तें घातल्यानें डोकें वांचतें, ह्यांत शंका नाहीं, आणि तें घालावें असेंच आम्ही म्हणूं. पण शून्याखालीं तीस-चाळीस अंश थंडींत कातड्याच्या मोठ्या टोपड्यावर तें बसत नाहीं. श्वासाच्या वाफेनें त्याची कांच धुरकटते. आणि पाठीवरच्या 'अमाउती' नांवाच्या झग्यांत तान्हें मूल घेतलेल्या मातेचा विचार तें घडविणाऱ्यानें केलेलाच नसतो. नियम मोडणाऱ्यास दंड करण्यापूर्वीं तो नियम पाळण्याजोगी वस्तु त्याच्या हातीं दिली आहे काय, हा प्रश्न विचारणें न्यायाचें होईल.

वाटाड्याचें काम करणाऱ्या नव्या उपकरणांची कथा आणखी उद्बोधक आहे. उपग्रहाच्या साह्यानें जागा दाखविणारें जीपीएस हें यंत्र नूनावुतमधील इग्लुलिक गांवीं १९९० नंतरच्या दशकांत आलें. क्लाउडिओ अपोर्ता व एरिक हिग्ज ह्या दोन अभ्यासकांनीं त्याचा परिणाम काय झाला तें २००५ सालीं लिहून ठेविलें आहे. धुक्यांत वालरसाच्या शिकारीहून परतणाऱ्यांस त्याचा मोठा आधार झाला. पण यंत्र दाखवितें ती दिशा सरळ रेषेंत; मध्यें पातळ बर्फ किंवा खडकाळ जागा आहे हें तें सांगत नाहीं. जाणते वडील ठराविक वाऱ्यानें बर्फावर उठलेल्या जिभेसारख्या कंगोऱ्यांवरून गडद अंधारांतही दिशा ओळखीत. ही विद्या पुस्तकांतली नव्हे. सोबत फिरून येणारी. बॅटरी गारठून यंत्र बंद पडलें म्हणजे ज्यास ही विद्या नाहीं त्याचा सर्व आधार एकदम तुटतो. २०२२ सालीं उपग्रहामार्फत संकटाचा संदेश पाठविणारा एक प्रसिद्ध मोबाइल फोन निघाला, तेव्हां ६२ अक्षांशांच्या उत्तरेस ही सोय चालेलच असें नाहीं, असें कारखानदारानेंच कळविलें होतें. ज्यांस साह्याची निकड सर्वांत अधिक, त्यांच्यापर्यंत तें सर्वांत शेवटीं पोंचतें, हा अनुभव आपल्याही खेड्यांचा आहे.

तथापि नवें तंत्र व जुनी जाण ह्यांचें वैरच असलें पाहिजे असें नाहीं. लॅब्राडोरच्या किनाऱ्यावरील नेन ह्या गांवीं २००९-१० चा हिंवाळा विलक्षण सौम्य गेला. नेहमींच्या वाटेवरचा बर्फ दगा देऊं लागला. त्या अनुभवांतून तेथील लोक व मेमोरियल विद्यापीठांतील संशोधक ह्यांनीं मिळून 'स्मार्टआइस' नांवाचा उपक्रम उभारिला. बर्फांत रोंवून ठेवावयाचें एक उपकरण तेथल्या तेथें बर्फाची जाडी मोजतें. दुसरें बर्फगाडीच्या मागें 'कामुतिक' नांवाच्या परंपरागत घसरगाडीवर ठेवून ओढीत नेतात, म्हणजे वाटभर बर्फ किती जाड आहे तें कळत जातें. कोणत्या वाटा मोजावयाच्या हें गांवचे जाणते लोक ठरवितात. उपकरणें गांवचींच माणसें चालवितात. इतकेंच नव्हे, तर नेन येथील तरुणांस तीं तयार करण्याचेंही शिक्षण मिळालें. २०१७ सालीं संयुक्त राष्ट्रसंघाच्या पारितोषिकानें ह्या उपक्रमाचा गौरव झाला. त्यानंतर २०१९ सालीं हडसन उपसागरांतील सानिकिलुआक येथील एका संस्थेनें 'सिकू' नांवाची सोय मोबाइलवर उपलब्ध केली. सिकू म्हणजे समुद्राचा बर्फ. तींत प्रवासी आपल्याच भाषेंतील शब्दांनीं धोक्याच्या जागा नोंदवूं शकतात. येथें यंत्रानें जाणत्यांची जागा घेतली नाहीं. त्यांचा शब्द दूरवर नेला. आमच्या मतें नव्या तंत्राचा खरा कस हाच आहे.

दुरुस्तीचा प्रश्नही सुरक्षिततेचाच एक भाग आहे. जुनीं इंजिनें आवाज व धूर फार करीत. पण चार हत्यारें व थोडी तार एवढ्यावर शिकारी तीं बर्फांतच पुन्हां सुरू करी. नवीं इंजिनें तेल कमी खातात, क्वचित बिघडतात. परंतु बिघडलीं म्हणजे त्यांचा दोष शोधण्यास संगणक लागतो. विजेवर चालणाऱ्या बर्फगाड्याही निघाल्या आहेत. त्यांचा आवाज थोडा, त्यामुळें जनावर बुजत नाहीं, हा गुण मोठाच. पण कडक थंडींत बॅटरीचा पल्ला घटतो, गांवाबाहेर ती भरण्याची सोय नसते, आणि नूनावुतमध्यें वीजच मुळीं डिझेलवर तयार होते. शहरांत जें यंत्र उत्तम, तें शंभर मैल निर्जन प्रदेशांत उत्तम असेलच असें नाहीं. जें जागच्या जागीं दुरुस्त होत नाहीं, तें तेथें सुरक्षित म्हणतां येत नाहीं.

येथें कोणी असा आक्षेप घेतील कीं, हे सारे अपघात बेफामपणाचे, मद्यपानाचे व अतिवेगाचे. माणूस सुधारला कीं सर्व सुधारेल. बेफामपणाची तरफदारी आम्ही करीत नाहीं. दारू पिऊन यंत्रावर बसणारा आपल्याबरोबर दुसऱ्याचाही घात करितो. परंतु सावधान माणूसही वर्षांतून एखाद्या दिवशीं थकलेला असतो, घाईंत असतो, किंवा त्यास खड्डा दिसत नाहीं. त्या एका क्षणाची शिक्षा मृत्यु असूं नये, एवढी तरतूद यंत्राच्या घडणींतच करणें शक्य असेल, तर ती न करणाऱ्यास माणसाच्या स्वभावाकडे बोट दाखविण्याचा अधिकार उरत नाहीं.

आणि ती तरतूद शक्य आहे, ह्याचा पुरावा उत्तरेकडूनच मिळतो. ज्या १९५९ सालीं स्की-डू बाजारांत आली, त्याच सालीं स्वीडननें नव्या ट्रॅक्टरांवर चालकाच्या रक्षणासाठीं मजबूत चौकट असलीच पाहिजे असा दंडक घातला. ट्रॅक्टर उलटला तरी त्याचा भार ती चौकट झेलते, व चालकाभोंवतीं जीव वांचण्यापुरती जागा राहते. पुढील काळांत त्या देशांत ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यु जवळजवळ नाहींसे झाले. स्वीडनचे शेतकरी एका रात्रींत अधिक सावध झाले म्हणून हें घडलें नाहीं. लोखंडाच्या चार दांड्यांनीं तें घडविलें. ऑस्ट्रेलियानेंही हाच मार्ग पत्करून, ऑक्टोबर २०२१ पासून विकल्या जाणाऱ्या शेतकामाच्या प्रत्येक नव्या क्वाडवर उलटल्यास चालकाचें रक्षण करणारी योजना असणें सक्तीचें केलें. त्यावर कांहीं मोठ्या कारखानदारांनीं त्या देशांत क्वाड विकणेंच सोडून दिलें. पण सरकार ढळलें नाहीं, आणि शेतकऱ्यांचीं कामें कांहीं अडून राहिलीं नाहींत.

आतां आपल्या गांवाकडे पाहूं. बांधावरून, कालव्याच्या भुसभुशीत कांठावरून, कठडा नसलेल्या विहिरीच्या बाजूनें जे ट्रॅक्टर दररोज जातात, त्यांपैकीं पुष्कळांवर अशी चौकट दिसत नाहीं. असली तर आसनाचा पट्टा बांधलेला दिसत नाहीं. चौकट व पट्टा हीं जोडीनेंच उपयोगीं पडतात. पट्टा नसेल तर उलटतांना माणूस चौकटीबाहेर फेंकला जाऊन तिच्याचखालीं सांपडतो. चिखलावरील पत्र्यावर मूल बसवून नेण्याची चाल तर सर्वत्र आहे. जड ओझें किंवा रुतलेली ट्रॉली ओढतांना सांखळी ठराविक दांड्यास न बांधतां उंचावर बांधली, तर पुढचीं चाकें उचलून ट्रॅक्टर मागें उलथतो, आणि उडी मारण्यास अवसर मिळत नाहीं. उसाच्या हंगामांत दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या तरुणांस हें कोणी समजावून सांगितलें आहे काय?

म्हणून आमच्या सूचना थोड्या व स्पष्ट आहेत. सहकारी सोसायटीनें किंवा बँकेनें ट्रॅक्टरसाठीं कर्ज देतांना रक्षक चौकट व पट्टा ह्यांची किंमत कर्जाच्या अंदाजांतच धरावी, आणि त्यांवांचून कर्ज मंजूर करूं नये. यंत्र विकणाऱ्यानें मराठींत लिहिलेलीं सूचनापत्रकें द्यावींत, व पहिल्या दिवशीं चालविणाऱ्यास शेतांत उभें राहून समजावून द्यावें; मालकास दुकानांत समजावणें पुरेसें नव्हे, कारण ट्रॅक्टरवर बसतो तो बहुधा सालदार असतो. सुटे भाग व दुरुस्ती तालुक्याच्या ठिकाणीं मिळेल कीं नाहीं, हें पाहूनच यंत्र पसंत करावें. आणि नेनच्या लोकांनीं पातळ बर्फाच्या वाटा मोजल्या, तसें आपल्या गांवानें पावसाळ्यापूर्वीं एक दिवस काढून खचणारे कांठ, उघड्या विहिरी व तीव्र उतार ह्यांवर पांढरे दगड रोंवावेत. ह्या शेवटच्या कामास सरकारी हुकूम लागत नाहीं, कीं पैसाही लागत नाहीं. गांवांतील दोन म्हातारे व चार तरुण पुरेत.

बैलास खड्डा दिसत असे, म्हणून आपल्या पूर्वजांस तो दाखविण्याची फारशी गरज पडली नाहीं. ट्रॅक्टरास तो दिसत नाहीं. तेव्हां बैलाची ती जाण आतां कारखानदारानें, कायद्यानें व गांवानें मिळून पुरविली पाहिजे. ती सर्व एकट्या चालविणाऱ्याच्या माथीं टाकून मोकळें होणें हा न्याय नव्हे. येत्या हंगामापूर्वीं प्रत्येक सोसायटीनें हा विषय आपल्या सभेपुढें ठेवावा, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.